वळणावरचा आवाज

सरळ रस्त्यावर ती गाडी अगदी शहाण्यासारखी चालत असे. मार्गशीर्षातली सकाळ, झाडांच्या शेंड्यांवर अजून रेंगाळणारं धुकं, खाली केलेल्या काचेतून गालाला लागणारा खारट गारवा आणि इंजिनाची ती ओळखीची, समाधानी घरघर. वाटावं, या यंत्राची जगाविषयी काही तक्रारच नाही. मग वळण येई. साधं वळण नव्हे. आखूड, सावकाश घ्यायचं, स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवायला लावणारं वळण, बोईसरजवळ सरावलीत आमच्या इमारतीच्या फाटकातून आत शिरताना येतं तसं. आणि त्या क्षणी पाठीमागून, थेट आसनाखालून, एक आवाज उठे. गुरगुर म्हणावी तर तेवढी सलग नाही, खडखड म्हणावी तर तेवढी कोरडी नाही. आत कुठेतरी काहीतरी घट्ट धरलं जाई, हिसक्याने सुटे, पुन्हा धरलं जाई; आणि त्या धरसोडीची थरथर कानाच्या आधी पाठीच्या कण्याला कळे. वळण संपलं की आवाजही संपे आणि गाडी पुन्हा शहाणी होई.

तुम्ही म्हणाल, जुन्या गाड्या कुरकुरायच्याच, त्यात एवढं मनाला लावून घ्यायचं काय? पण माझी अडचण जरा निराळी आहे. आवाज ओळखणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. कऱ्हाडजवळच्या गावातून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आलो तेव्हा मला धड मिशीही फुटली नव्हती, आणि आता तिच्यात काळा केस शोधावा लागतो. एवढा सगळा काळ मी एकाच कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात यंत्रांच्या कुशीला कान लावून काढला. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग त्या लोखंडी काडीतून यंत्राचं अंतरंग बोलू लागतं. कुठे वंगण आटलं आहे, कुठल्या गोळीला चरा गेला आहे, कुठला दाता दुसऱ्यावर अधिक रेलतो आहे, सारं काही ती सांगते. खात्यात मला माझ्या नावाने कमी आणि ‘कान’ म्हणूनच अधिक ओळखत. कान आला का, मग चालू करा, अशी बोलायची पद्धतच पडून गेली होती. या दोन अक्षरांचा मला किती गर्व होता म्हणून सांगू!

इथेच एक कबुली देऊन टाकतो, कारण ती लपवून पुढचं काहीच सांगता येणार नाही. माझा उजवा कान, ज्याला काडी लावायची तोच, गेली दोन वर्षं मंदावत चालला आहे, आणि डावाही त्याच्या फार मागे नाही. आयुष्यभर यंत्रांचा गदारोळ ज्या वाटेने आत गेला ती वाट झिजली, याचं नवल ते काय? खोल, जाड आवाज अजून कळतात. पण शिटी, किणकिण, पाखरांची पहाटेची चिवचिव असे बारीक, टोकदार आवाज एकेक करून पडद्याआड गेले. कुठला आवाज कुठल्या अंगाने येतो, तेही नीट उमगेनासं झालं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला, सुनंदाला नाही. कारखान्यात तर नाहीच. कानांच्या वार्षिक तपासणीत त्या बंद खोलीच्या काचेतून तपासणाऱ्या बाईंचा हात बटणावर पडताना दिसे आणि मी शहाजोगपणे बोट वर करी. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. वाटलं, तेवढं निभावून नेऊ.

पण यंत्रं कुणाची निवृत्ती बघून थांबत नाहीत. आमच्या मोठ्या मिक्सरचा गिअरबॉक्स पूर्ण खोलून, नवी बेअरिंगं घालून पुन्हा बसवला होता आणि येत्या सोमवारी तो सुरू व्हायचा होता. असं बेअरिंग फुटलं तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे; शेजारचा माणूस वाचला तो केवळ त्याच क्षणी पान्हा उचलायला खाली वाकला म्हणून. कंपन मोजायचं एक उपकरण खात्यात आलं आहे, पण ते कपाटात असतं. आपल्याकडे कान असताना ते कशाला काढायचं? सोमवारी मी काडी लावणार, डोळे मिटणार, ‘चालू द्या’ म्हणणार, आणि चार माणसं निर्धास्तपणे त्या यंत्रापाशी उभी राहणार. म्हणून ती गाडीची गुरगुर मला नुसती गाडीची वाटत नव्हती. एवढ्याशा गाडीचं दुखणं मला ओळखता आलं, तर सोमवारचं भय खोटं ठरणार होतं. मी माझी मीच परीक्षा मांडून बसलो होतो, आणि परीक्षेत कुणाला विचारायचं नसतं.

विचारायला एक माणूस होता, हीच तर खरी पंचाईत. हरेश्वर त्याचं नाव. माकुणसारचा. केळी, पानवेली आणि सोनचाफ्याच्या वाडीत वाढलेला हा माणूस पंचविशीत आमच्या खात्यात आला, आणि काडी कशी धरायची, श्वास कसा रोखायचा, हे त्याला मी शिकवलं. बारा-तेरा वर्षं माझ्या हाताखाली काढून एके दिवशी त्याने नोकरी सोडली आणि गावाजवळ, केळव्याच्या रस्त्याला, चिंचेखाली गॅरेज टाकलं. मला वाटलं, सहा महिन्यांत परत येईल. कसला येतो! बघता बघता पालघरपासून सफाळ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: हरेश्वरला दाखवा, तो नुसत्या आवाजावरून सांगतो. माझ्याच खात्यातली माणसं माझ्यासमोर एकमेकांना त्याचा पत्ता सांगू लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, त्यातली गत. त्या वेळी मी काय करत असे ठाऊक आहे? मंद हसून म्हणत असे, ‘हं, पोरगा बरा आहे, पण अंदाजपंचे जास्त.’ हे वाक्य मी इतक्या जणांपाशी, इतक्या वर्षांत बोललो, की ते त्याच्यापर्यंत पोचलं नसेल असं मानणं हा मूर्खपणा ठरेल.

मत्सरासारखा अभ्यासू विकार नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात, ते खरं असेल. मत्सराला मात्र चार डोळे असतात. हरेश्वर गॅरेज किती वाजता उघडतो, कुठल्या दिवशी बंद ठेवतो, त्याच्याकडे किती गाड्या खोळंबून असतात, त्याने नवा जॅक कधी घेतला, हे मला त्याच्या भावापेक्षा अधिक ठाऊक होतं. मित्रांच्या आयुष्यातल्या किती गोष्टी मी विसरलो! आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या आयुष्याची मात्र रोजची खबर. ज्याला विसरायचं त्यालाच पाठ करायला लावणारी ही विचित्र शाळा आपल्याला कोण घालतं? मी त्या शाळेचा हुशार विद्यार्थी होतो.

तेव्हा, हरेश्वर सोडून, मी निदानाला लागलो. आधी टायरांवर ठपका ठेवला. पुढचे मागे, मागचे पुढे केले. आवाज तिथेच. मग मागच्या चाकांची बेअरिंगं. डाव्या बाजूला जॅक लावला, चाक उचललं, हाताने फिरवलं आणि काडी लावून डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. पण ते यंत्र गप्प होतं म्हणून, की मी बहिरा म्हणून, हे मला कोण सांगणार? चाक फिरवताना जड जात होतं. ब्रेक धरतोय, मी ठरवलं. ब्रेक उघडले, साफ केले, परत बसवले. दोन रविवार त्यात गेले. आवाज तसाच, वर आता ब्रेकची कुरकुर त्याच्या जोडीला. सुनंदा खिडकीतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, ‘अहो, वळतानाच वाजतंय ना? मग वळताना काय होतं ते बघा की.’ माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकोने यंत्राविषयी बोलावं, आणि तेही बरोबर!

वळताना काय होतं? लहानपणी आमच्या खळ्यावर मळणी चालायची. मधल्या खांबाला जुंपलेले बैल गोल गोल फिरायचे, आणि खांबाजवळचा बैल जेमतेम पावलं टाकत असताना कडेचा बैल मात्र लांब लांब ढांगा टाकत धापा टाकायचा. वेढा एक, दावण एक, पण चाल सारखी नाही. गाडीच्या मागच्या दोन चाकांचंही तसंच असतं. वळणावर आतलं चाक थोडं फिरतं, बाहेरचं पुष्कळ. आणि दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणारी जी दातेरी मांडणी मधोमध बसवलेली असते, ती डिफरन्शियल. गॅरेजवाले त्या सगळ्या पसाऱ्यालाच हाऊजिंग म्हणतात. पण या उदार मांडणीत एक दोष असतो. एक चाक चिखलात रुतलं की सगळी ताकद त्याच्याच वाट्याला जाते; ते जागच्या जागी गरगरतं आणि कोरड्यावरचं भक्कम चाक मख्खपणे उभं राहतं. म्हणून काही गाड्यांत आत तबकड्यांचा एक जुडगा घालतात. एक चाक फार उधळलं की त्या तबकड्या एकमेकींना दाबून धरतात आणि दुसऱ्यालाही ओढायला लावतात. याला लिमिटेड स्लिप म्हणतात: मोकळीक द्यायची, पण बेताची.

माझ्या गाडीत ही व्यवस्था होती. ज्याच्याकडून ती घेतली तो केळव्याचा वाडीवाला मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, ‘रेतीत घाला, चिखलात घाला, अडकायची नाय.’ मी ते विकणाऱ्याचं बोलणं समजून सोडून दिलं. चाक हाताने जड फिरत होतं ते ब्रेकमुळे नव्हे, या तबकड्यांमुळे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला सगळं आधीच माहीत असतं त्याला नवं काय कळणार? शुक्रवारी संध्याकाळी फाटकातून आत शिरताना गाडी इतकी थरथरली, की पायरीवर बसलेली शेजारची माणसं माना वळवून बघू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाने डब्यात चार घावन भरून दिले आणि म्हणाली, ‘हरेश्वरला आवडायचे. दुपारपर्यंत या.’ मी माकुणसारला जाणार हे तिने माझ्याआधी ठरवून टाकलं होतं.

पालघर ओलांडून माहीम, केळवं करत मी निघालो. त्या रस्त्याला मी कधी सरळ मनाने गेलो नाही. गेली सात-आठ वर्षं तो रस्ता म्हणजे हरेश्वरकडे जाणारा रस्ता. गॅरेज दिसलं. झाडून लख्ख केलेली जमीन, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पान्हे, प्रत्येक पान्ह्यामागे पांढऱ्या रंगाने काढलेली त्याची बाह्याकृती, म्हणजे जागा चुकायला नको. ही माझी पद्धत! खात्यात ती मी आणली आणि मी निवृत्तीला टेकेपर्यंत तिथे ती कधीच कुणी धड पाळली नाही. इथे पाळली जात होती. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक रिक्षावाला आणि एक टेम्पोवाला. हरेश्वर एका गाडीखालून सरपटत बाहेर आला, मला बघून हात पुसत उभा राहिला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. बाकावरच्या दोघांना म्हणाला, ‘ह्ये आमचे साहेब. मला काडी धराया यांनीच शिकवली.’ मी डबा पुढे केला.

आता तो इंजिनाला कान लावेल, मग आणखी कुठे, आणि चुकेल, अशी एक ओंगळ आशा मनात लपून होती, ती सांगितली नाही तर हा सगळा लेख खोटा होईल. पण त्याने कान कुठेच लावला नाही. मला गाडीत बसवलं, गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण फिरवून अगदी हळू गोल गोल चालवायला सांगितली, आणि स्वतः मागच्या चाकाशेजारून, पत्र्यावर तळवा ठेवून, अनवाणी चालत राहिला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. ‘दोन्ही बाजूला सारखाच वाजतो,’ तो म्हणाला, ‘म्हंजे एका चाकाचा नाय. मधलाच हाय.’ मग तो खाली शिरला, हाऊजिंगचं बूच सोडलं, आत बोट घातलं, तेलाचा थेंब अंगठ्यावर चोळला आणि नाकाशी नेला. बाहेर येऊन माझ्या अगदी जवळ उभा राहून, बाकावरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, ‘साहेब, खंडेनवमीला बदली केला ना तेल? आपल्या मिक्सरचाच हाय ना ह्यो?’

खंडेनवमी! तारापूरच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं देव होतात. पुसून लख्ख केलेली, हळदीकुंकू वाहिलेली, झेंडूच्या माळा ल्यालेली. आणि आमच्या खात्यात माझा एक दंडक असे, की फुलाआधी तेल. जुनं काढायचं, नवं भरायचं, मगच नारळ फोडायचा. घरच्या गाडीलाही मी हाच नियम लावला. आणि तेल कुठलं? आमच्या प्रचंड गिअरबॉक्सांना वर्षानुवर्षं जे चाललं, तेच, दुकानातून मुद्दाम मागवून, अस्सल, जाड, मधासारखं. एवढ्या धुडांना जे पचतं ते या चिमुरडीला पचणार नाही? गाडीसोबत आलेलं पुस्तक मी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या तबकड्यांना एकमेकींवरून हळुवार सरकता यावं म्हणून त्यांच्या तेलात एक निराळं औषध मिसळावं लागतं. ते माझ्या उत्तम तेलात नव्हतं. म्हणून वळणावर त्या एकमेकींना आवळत, हिसक्याने सोडत, पुन्हा आवळत. टायर, बेअरिंग, ब्रेक, सगळ्यांवर मी संशय घेतला. फक्त जे मी माझ्या हाताने, कुंकू वाहून, आत ओतलं होतं त्याच्यावर घेतला नाही. दिव्याखालचा अंधार दुसरा कुठला असतो? आणि हरेश्वरने तो कानाने शोधला नव्हता. तो मला ओळखत होता, एवढंच त्याला पुरलं.

रिक्षावाल्याने बाकावरून विचारलं, ‘काय निघाला, हरेश्वरभाऊ?’ हरेश्वर पान्हा शोधत सहज म्हणाला, ‘काय नाय रं. तेल जुना झालता.’ खोटं इतकं साधं आणि इतकं मायाळू असू शकतं? त्याने मला उघडं पाडलं असतं तर मला त्याचा राग करता आला असता. रागाला निदान एक आधार असतो. त्याने मला झाकलं, आणि मी त्याच्या अंगणात उभा राहून आतल्या आत जळत राहिलो. कुणी आपल्यापेक्षा हुशार असणं एक वेळ सोसतं. तो आपल्यापेक्षा चांगला असणं कसं सोसायचं?

तेल पुरतं निथळायला वेळ लागला. तोवर त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, घावन निम्मे मला देऊन निम्मे स्वतः खाल्ले आणि सुनंदाची चौकशी केली. मग योग्य तेल, त्यात मोजून ते औषध, आणि बूच बंद. ‘आता आठ काढायचे,’ तो म्हणाला. मागच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवायला घेतली, सावकाश, एक वेढा डावा, एक उजवा, पुन्हा डावा. नवं तेल तबकड्यांच्या फटीफटीत मुरावं म्हणून. मी शेजारी बसलो होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत गुरगुर होती. तिसऱ्यात ती विरळ झाली. पाचव्या-सहाव्या फेरीत माझा कणा कान टवकारून वाट बघत राहिला आणि काहीच आलं नाही. नुसती चाकांखालची माती सरकल्याची जाणीव. त्या क्षणी, खरं सांगतो, मला सगळ्याचा विसर पडला. दुखणं थांबलेल्या यंत्रासारखं सुंदर या जगात फार थोडं आहे.

शेवटी तपासून बघायला म्हणून त्याने गाडी केळव्याच्या रस्त्याला घेतली. दोन्ही बाजूंना वाड्या, कुंपणावरून डोकावणारी केळीची पानं, आणि गाडी वाऱ्यासारखी चाललेली. थोडं गेल्यावर त्याने मान किंचित तिरकी केली आणि म्हणाला, ‘मागून बारीक शिटी येते बगा, साहेब. ऐकू येते ना?’ मी डोळे मिटले. भुवया जवळ आणल्या. जे काही उरलंसुरलं होतं ते सगळं कानाशी गोळा केलं. मग, आयुष्यभराच्या सरावाने कमावलेल्या ठाम आवाजात म्हणालो, ‘येते की. डाव्या अंगाची.’

हरेश्वरने गाडी हळूच कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. समोर बघत तो म्हणाला, ‘नाय साहेब. शिटी-बिटी काय नाय.’

हा डाव माझा होता. खात्यात नवा माणूस आला, की मी त्याच्या हातात काडी देऊन ती एका ठणठणीत यंत्रावर टेकवायला लावी आणि विचारी, ‘आत टिकटिक होतेय, ऐकू येते ना?’ सगळे माना डोलावत. साहेब म्हणतोय म्हणजे होत असणार! अशाला मी महिनाभर काडीला हात लावू देत नसे. इतक्या वर्षांत एकाच माणसाने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, ‘नाय साहेब, काय वाजत नाय.’ तो हरेश्वर. मी त्याची पाठ थोपटली. पण त्या दिवशी घरी जाताना काहीतरी खोल रुतलं, ते आजवर मी स्वतःपाशीही बोललो नव्हतो. माझ्या उस्तादांनी मला हाच प्रश्न विचारला होता तेव्हा मी मान डोलावली होती. त्याच्या गॅरेजचा, गिऱ्हाइकांचा, लौकिकाचा हेवा हे सगळं मागाहूनचं. मूळ ते होतं, त्याच्या पहिल्या दिवसाचं.

मग मी म्हणालो, ‘उजवा कान गेलाय. दोन वर्षं झाली.’ ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझाच आवाज परका वाटला. तो म्हणाला, ‘मगाशी तुमी पाठमोरे हुबे होता. मी तिनदा हाक मारली.’ त्यात चौकशी नव्हती, कीव नव्हती. एखाद्या गाडीचं दुखणं तिच्या मालकाला सांगावं तसं ते सांगणं होतं. मी त्याला सोमवारचं सांगितलं. मिक्सर, नवी बेअरिंगं, कपाटातलं उपकरण, आणि शेजारी उभी राहणार ती चार माणसं. त्यातल्या दोघांना तो नावाने ओळखत होता. मी म्हणालो, ‘मी वरच्या साहेबांना आजच खरं काय ते सांगतो. उपकरण काढायला लावतो. पण तरी... काडी तू लावशील का? कारखान्यात शिरायचा पास मी काढून ठेवतो.’

‘येतो,’ तो म्हणाला. ‘किती वाजता?’

बस्स, एवढंच. गॅरेजचं काय करू म्हणाला नाही, कुठल्या नात्याने येऊ म्हणाला नाही, इतकी वर्षं तुम्ही माझ्याविषयी काय काय बोलत आलात तेही नाही. मी वेळ सांगितली. त्याने इंजिन सुरू केलं आणि गाडी वळवली.

सरावलीला परतताना मला कृतज्ञ वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. चार माणसांच्या डोक्यावरची टांगती तलवार उतरली होती. बोईसर येईपर्यंत साहेबांशी काय बोलायचं तेही मनात जुळवून झालं. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? हेवा गेला नव्हता, त्याने नुसती जागा बदलली होती. त्याच्या कानाचं आता मला काही वाटत नव्हतं. कान काय, वयाने त्याचाही जाईल. मला हेवा वाटत होता तो त्या ‘येतो’चा. कारण त्याच्या जागी मी असतो, आणि माझ्या पाठीमागे वर्षानुवर्षं मला अंदाजपंचे म्हणत हिंडलेला माणूस असा मान खाली घालून माझ्याकडे आला असता, तर मी मंद हसलो असतो. म्हणालो असतो, बघू, सवड झाली तर फोन करतो. आणि मग मी फोन केला नसता.